एकाची वाढ, दुसऱ्याचा आधार

मानवी विकास म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लहान मूल येते. रांगणे, पहिले पाऊल, दुधाचे दात, शाळा आणि शेवटी वयात येणे, एवढ्यावर हा विकास संपला असे मानले जाते आणि त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांसाठी 'संसार' आणि 'म्हातारपण' हे दोनच शब्द उरतात. विकासाचे शास्त्र मात्र गर्भधारणेपासून मृत्यूपर्यंतचा सारा काळ एकच सलग प्रक्रिया मानते आणि तिच्या दोन बाजू पाहते. शारीरिक विकासात उंची, वजन, हाडे, स्नायू, मेंदू आणि ग्रंथींचे स्राव यांतील बदल येतात. मनोसामाजिक विकासात माणसाचे मन आणि भोवतीची माणसे यांच्या परस्परव्यवहारातून घडणारा विश्वास, स्वाभिमान, नाती आणि जबाबदाऱ्या येतात. पाठ्यपुस्तकांत हे टप्पे एका व्यक्तीच्या आयुष्यात एकामागून एक मांडलेले असतात आणि अभ्यासाच्या सोयीसाठी ते योग्यही आहे. परंतु प्रत्यक्ष घरात ते सगळे एकाच वेळी चालू असतात. सुनेचे बाळंतपण, नातवाचे बाळसे, नणंदेचे वयात येणे आणि सासूचे उतारवय एकाच छपराखाली घडते आणि यांतील एकीची वाढ खुंटली तर दुसऱ्याचा पायाच कच्चा राहतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात ही गोष्ट गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत जितकी स्पष्ट दिसली, तितकी ती फार थोड्या ठिकाणी दिसली असेल.

जामखेड हा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा, बीड, धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांना लागून असलेला, पर्जन्यछायेतील तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या दोघांनी त्याआधी नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले होते, आणि बरे होऊन घरी गेलेले तेच ते रुग्ण त्याच त्या आजारांनी परत येतात, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले होते. रोगाचे मूळ घरात, पाण्यात, ताटात आणि जातिभेदात असेल तर दवाखान्यात बसून ते उपटता येणार नाही, हा विचार घेऊन ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत आले. काम सुरू झाले तेव्हा या भागातील अर्भक मृत्युदर, म्हणजे जिवंत जन्मलेल्या हजार बालकांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्यांची संख्या, प्रकल्पाच्या नोंदीनुसार १७६ होता. १९७६ पर्यंत तो ५२ वर आला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत २६ वर. हा बदल मोठ्या रुग्णालयाने घडवला नाही. तो प्रामुख्याने गावोगावच्या स्त्रियांनी घडवला, ज्यांतील अनेकजणी दलित होत्या, बहुतेक निरक्षर होत्या आणि काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या.

या स्त्रियांकडे वळण्यापूर्वी मनोसामाजिक विकासाचा जो आराखडा जगभर शिकवला जातो, तो थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. जर्मनीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर माणसापुढे एक पेच उभा राहतो आणि तो कसा सुटतो यावर पुढची घडण अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते. तान्ह्या बाळाचा पेच विश्वासाचा असतो, कारण भूक लागली की कोणी तरी येईल की नाही हेच त्याच्यासाठी सारे जग असते. त्यानंतर स्वतःचे स्वतः करण्याची धडपड, मग पुढाकार, मग शाळकरी वयात कामात निपुण होण्याची ओढ, किशोरवयात 'मी कोण आहे' याचा शोध, तरुणपणी जवळीक, मध्यमवयात पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याची इच्छा आणि वृद्धपणी झालेले आयुष्य आपले म्हणून स्वीकारण्याची कसोटी असा हा क्रम आहे. या आराखड्याची खरी ताकद त्यातील सातव्या टप्प्यात आहे, कारण तेथेच मांडणी एका व्यक्तीची हद्द ओलांडते: मध्यमवयीन माणसाला कोणाला तरी वाढवण्याची गरज असते आणि तान्ह्या बाळाला कोणीतरी वाढवण्याची. पहिला आणि सातवा टप्पा एकमेकांत गुंतलेले आहेत. वैद्यक आणि मानसशास्त्र यांनी हे दोन टप्पे वेगवेगळ्या खात्यांत टाकले, ही सोय अभ्यासकांची आहे, गावाची नव्हे.

शरीराची वाढ ज्या वेगाने गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत होते, तसा वेग पुढे आयुष्यात कधीच येत नाही. गर्भावस्थेचे सुमारे २७० दिवस आणि त्यानंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून होणाऱ्या या काळाला 'पहिले हजार दिवस' म्हटले जाते. सुदृढ बाळाचे जन्माच्या वेळचे वजन सुमारे पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होते, लांबी पन्नास सेंटिमीटरवरून पंचाहत्तरवर जाते आणि दोन वर्षांचे होईपर्यंत मेंदू प्रौढ मेंदूच्या सुमारे ऐंशी टक्के आकाराचा होतो. या काळात अन्न कमी पडले तर शरीर काटकसर सुरू करते. आधी वजनाची वाढ थांबते, मग उंचीची. उपासमार वर्षानुवर्षे टिकली की वयाच्या मानाने उंची कमी राहते आणि यालाच खुजेपणा म्हणतात. खुजेपणा डोळ्यांना सहज दिसत नाही, कारण गावातील सगळीच मुले बुटकी असली की एखादे मूल बुटके आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुजी आढळली.

या खुजेपणाची सुरुवात बाळाच्या जन्माआधी होते. गरोदर बाईने पोटभर खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल, ही समजूत गावोगाव होती आणि ती निव्वळ अज्ञानातून आलेली नव्हती. जेथे दवाखाना कोसो दूर होता, अडलेल्या बाईला बैलगाडीतून न्यावे लागे आणि वाटेतच ती दगावे, तेथे लहान बाळ हा आईचा जीव वाचवण्याचा मार्ग वाटणे स्वाभाविक होते. म्हणूनच 'जास्त खा' एवढा उपदेश पुरेसा ठरत नव्हता. अडलेल्या बाळंतपणाची सोय झाल्यावरच तो उपदेश पटू शकला. अशा आईच्या बाळाचे पुढे काय होते याचा एक महत्त्वाचा अभ्यासही शेजारच्या पुणे जिल्ह्यात झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा ते मोठे होईपर्यंत केला. या गावांतील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आश्चर्य पुढेच होते. या लहानखुऱ्या बाळांचे स्नायू आणि अंतर्गत अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. बाहेरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त असे हे बाळ पुढे वजन वाढले की मधुमेहाकडे लवकर झुकते. गर्भात काटकसर शिकलेले शरीर पन्नाशीत साखरेच्या गोळ्या घेते, असे या संशोधनाचे सार सांगता येईल, आणि त्यामुळे मधुमेहाचा प्रतिबंध चाळिशीतल्या पुरुषाच्या चालण्यापासून सुरू न होता त्याच्या आईच्या ताटापासून सुरू होतो, हे मान्य करावे लागते.

बाळंतपणाच्या खोलीत जुन्या रीती आणि नवे ज्ञान यांची गाठ पडते. पाचव्या रात्री सटवाईची पूजा करण्याची आणि ती रात्र जागून काढण्याची चाल महाराष्ट्रभर आहे. सटवाई त्या रात्री बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असे मानले जाते. नवजात बालकांचे बहुसंख्य मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात हे आकडेवारी सांगते, त्यामुळे या रीतीमागील भीती अनुभवातून आलेली होती, यात शंका नाही. शेतात वापरलेल्या विळ्याने नाळ कापणे आणि जखमेवर राख किंवा शेण लावणे यांतून धनुर्वात होई आणि तो नेमका याच दिवसांत प्रकट होई. आईचा पहिला घट्ट पिवळसर चीक टाकून देऊन बाळाला गुळाचे पाणी चाटवण्याची रीत होती, आणि रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले बाळाचे पहिले अन्न अशा रीतीने मातीत जाई. उलट, अंगाला तेल लावून मालिश करणे, आईजवळ ऊब देणे, डिंक-अळिवाचे लाडू देणे, सव्वा महिना बाळंतिणीला कामाला न लावणे या रीती शरीरविज्ञानाच्या कसोटीवर उतरणाऱ्या होत्या. जामखेडच्या प्रकल्पाने रीतींवर सरसकट हल्ला केला नाही. सुईणींना हिणवण्याऐवजी त्यांना शिकवण्यात आले आणि स्वच्छ पाते, उकळलेला दोरा आणि साबण त्यांच्या हाती आला.

तरीही या यशाला एक मर्यादा होती, ती नोंदवणे योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वतंत्र तौलनिक अभ्यासात असे दिसले की प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील बालमृत्यूंचा धोका आसपासच्या गावांच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता, परंतु हा फरक पहिला महिना ओलांडलेल्या बालकांत होता. पहिल्या महिन्याचे कोडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाने पुष्कळसे सोडवले. गावातील आरोग्यदूत स्त्रीने नवजात बाळाला घरी भेट देऊन त्याचे वजन, ताप, श्वास आणि स्तनपान पाहिले, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखली आणि तेथेच उपचार केले, तर मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी होऊ शकते, हे त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. आज आशा स्वयंसेविका बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, तिच्या या फेऱ्यांमागे गडचिरोलीचा अनुभव आहे.

अतिसाराचे उदाहरण या साऱ्या कामाचे स्वरूप जवळून दाखवते. बाळाला जुलाब सुरू झाले की पाणी बंद करण्याची पद्धत होती, कारण आत गेलेले पाणीच बाहेर येते असे दिसत असे. दोन दिवसांत बाळाच्या डोक्यावरचा मऊ भाग खोल जाई. त्याला 'टाळू पडली' म्हणत आणि ती वर आणण्यासाठी तोंडात बोट घालून टाळा वर दाबणे, डोक्यावर लेप देणे असे उपाय होत. लक्षण बिनचूक ओळखले होते. कारण चुकले होते. कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात, शरीरातील पाणी कमी झाले की त्यांमधला पडदा आत ओढला जातो, म्हणजे पडलेली टाळू ही तहानेची खूण असते. गावातल्याच बाईने, गावच्याच भाषेत, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते चमच्याचमच्याने पाजले आणि संध्याकाळपर्यंत टाळू वर आली की पुढचे सारे व्याख्यान अनावश्यक ठरत असे. मुलाच्या दंडाला मोजपट्टी गुंडाळून घेर पाहणे हेही असेच साधे काम आहे: सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित समजले जाते. परंतु पट्टी लावण्यासाठी मूल मांडीवर यावे लागते, आणि मूल मांडीवर येण्यासाठी त्याच्या आईचा विश्वास असावा लागतो. एरिक्सन यांनी बाळाच्या बाबतीत सांगितलेला विश्वासाचा पेच येथे आईपुढेही उभा असतो.

शाळकरी वयाबद्दल थोडक्यात एवढेच म्हणता येईल की या वयात मुलाला काही तरी नीट करता येते हा अनुभव वारंवार यावा लागतो, आणि जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागातील कित्येक मुलांना तो अर्धेच वर्ष मिळतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणून मोजले जातात आणि मुले बरोबर जातात किंवा गावी आजी-आजोबांकडे राहतात. बरोबर गेलेले मूल पाचटाच्या खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. गणित न येणे ही त्याची स्वतःची उणीव आहे असे त्याला वाटू लागते आणि हा समज पुढे पुसणे फार अवघड असते. साखर कारखान्यांवरच्या साखरशाळा आणि गावातली हंगामी वसतिगृहे हे त्यावरचे उपाय आहेत; ते हंगामाच्या पहिल्या दिवशी सुरू झाले पाहिजेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

किशोरवय हे वाढीच्या दुसऱ्या वेगवान लाटेचे वय आहे. मुलींमध्ये ही लाट साधारण दहा-बारा वर्षांच्या सुमारास आणि मुलांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांनी येते. उंची झपाट्याने वाढते, हाडांत खनिजे साठतात, मुलींना मासिक पाळीमुळे लोहाची गरज वाढते आणि नेमक्या याच वयात त्यांच्या ताटात कमी वाढले जाते. मेंदूचा कपाळामागचा भाग, जो परिणामांचा विचार करून भावनेला आवर घालतो, तो वयाच्या पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. थोडक्यात, सोळा वर्षांच्या मुलीचे शरीर आणि मन दोन्ही अर्ध्या वाटेवर असतात. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या आणि २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. ऊसपट्ट्यात यामागे एक आर्थिक कारणही आहे, कारण जोडपे असल्याशिवाय कोयता होत नाही, आणि मुलीला एकटी गावी ठेवून जायला आई-बाप धजावत नाहीत. अशा मुलीला दिवस गेले की वाढणारी दोन शरीरे एकाच ताटावर अवलंबून राहतात आणि त्यात बाळाच्या वाट्याला काय येते, ते पुण्याच्या अभ्यासाने दाखवलेच आहे. ज्यांना जन्मच मिळाला नाही अशा मुलींचा हिशेब याहून वेगळा आहे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. २०११ मध्ये ८५२ उरल्या. विकासाच्या कोणत्याही तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.

आता बदल घडवणाऱ्या त्या गावोगावच्या स्त्रियांकडे, म्हणजे प्रकल्पाच्या आरोग्यसेविकांकडे. प्रकल्पाने प्रथम प्रशिक्षित परिचारिकांकडून गावात काम करून घेण्याचा प्रयत्न केला, परंतु बाहेरून आलेल्या शिकलेल्या मुलींना गावाशी आणि गावाला त्यांच्याशी जुळवून घेणे जमेना. तेव्हा गावानेच निवडलेल्या बायका घेण्याचे ठरले. त्यांतील अनेकजणी मध्यमवयाच्या, मुले-बाळे वाढवलेल्या होत्या. प्रत्येक आठवड्याला त्या जामखेडला येत, दोन दिवस शिकत, वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. हे एकत्र जेवणे त्या काळी औषधांच्या पेटीहून अवघड होते. डॉ. मेबल आरोळे यांचा भर माहितीइतकाच या स्त्रियांच्या स्वाभिमानावर होता, कारण जिला घरात आणि गावात कोणी विचारत नाही, तिचे सांगणे दुसरी बाई ऐकणार नाही. आरोग्यकामावर त्यांची उपजीविका लटकू नये म्हणून त्यांना छोट्या व्यवसायासाठी कर्जाची वाटही दाखवली गेली. ज्या स्त्रिया सुरुवातीला चारचौघांत तोंड उघडायला बिचकत, त्या काही वर्षांत बाळंतपणे करू लागल्या, ग्रामसभेत बोलू लागल्या, डॉक्टरांना शिकवू लागल्या. त्यांतील मुक्ताबाई पोळ यांनी अमेरिकेत आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेत भाषण केले.

या बदलाकडे आरोग्यसेवेतील यश म्हणून पाहिले गेले, आणि १९७८ च्या आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेच्या काळात जामखेडचे नाव प्राथमिक आरोग्यसेवेचा नमुना म्हणून घेतले जाऊ लागले; १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु विकासाच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रौढवयातील मनोसामाजिक वाढीचा दुर्मीळ पुरावा आहे. पस्तिशी-चाळिशीनंतर माणूस बदलत नाही, निरक्षर बाई नवे शिकत नाही, हा समज सर्वत्र असताना येथे शेकडो स्त्रियांनी उलट दाखवून दिले. मेंदूविज्ञानाचे म्हणणेही असेच आहे: नवी गोष्ट चटकन पकडण्याचा वेग तरुणपणानंतर मंदावतो, परंतु शब्दसंपदा, माणसांची पारख आणि अनुभवातून येणारी निर्णयशक्ती साठीपर्यंत वाढू शकते. आरोग्यसेविकेच्या कामाला नेमके हेच दुसऱ्या प्रकारचे गुण लागतात. याच जामखेड तालुक्यातील चौंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाल्या, मुलाच्या मृत्यूनंतर १७६७ मध्ये, म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या हाती राज्यकारभार आला आणि पुढची अठ्ठावीस वर्षे त्यांनी तो सांभाळला. त्यांचे कर्तृत्व अलौकिक म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. उत्तरायुष्यात जबाबदारी मिळाली की माणूस त्या मापाचा होतो, हा त्यातील सर्वसामान्य भाग अधिक उपयोगाचा आहे.

मध्यमवय मात्र सगळ्यांना त्याच वयात येत नाही. रजोनिवृत्ती, म्हणजे मासिक पाळी कायमची थांबणे, भारतीय स्त्रियांत सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या सुमारास येते. ऊसतोडीच्या फडात पाळीचे दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड; त्यातून गर्भपिशवी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा मार्ग झाला. शेजारच्या बीड जिल्ह्यात शासनाने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर हाडांना राखणारा स्राव एका दिवसात थांबतो. अंडाशय राहिले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव वाढतो. तिशीतल्या बाईच्या शरीरात पन्नाशी आणून ठेवणारी ही गोष्ट आहे आणि तीच बाई दुसऱ्या हंगामात पुन्हा डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहते.

वृद्धत्वाविषयी मराठीत पहिले मोठे चिंतन याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशात झाले. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात म्हाताऱ्या शरीराचे इतके बारीक वर्णन आहे की ते लिहिणाऱ्याचे वय परंपरेने पंधरा-सोळा वर्षांचे मानले जाते यावर विश्वास बसणे कठीण जाते. म्हातारपण येण्याआधीच ते डोळ्यांपुढे आणावे, हा त्या विवेचनाचा रोख आहे, आणि आजचे वार्धक्यशास्त्र वेगळ्या कारणासाठी तेच सांगते: हाडांची घनता तिशीपर्यंत जितकी कमावली तितक्यावरच पुढचा खर्च भागवावा लागतो, स्नायू वापरले नाहीत तर झिजतात आणि तोल जाऊन पडणे हे म्हातारपणातील मोठे संकट घरातल्या ओल्या मोरीत आणि अंधाऱ्या उंबऱ्यावर दबा धरून असते. घराण्यात कोणी सहस्र पौर्णिमा पाहिल्या, म्हणजे एक्याऐंशीच्या घरात पोचले, की सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो आणि तो व्हावाच. परंतु स्थलांतराच्या हंगामात गावात मागे उरलेली आजी हा या जिल्ह्यातील वार्धक्याचा अधिक खरा चेहरा आहे. मोतीबिंदू आलेल्या डोळ्यांनी ती दोन-तीन नातवंडांना सांभाळते, त्यांना शाळेत धाडते, त्यांच्या तापाला औषध शोधते. निवृत्तीचा टप्पा तिच्या वाट्याला आलेला नसतो. आयुष्याच्या आठव्या टप्प्यावर ती पुन्हा सातव्याचे काम करत असते. चार आश्रमांची जुनी कल्पना कष्टकरी स्त्रीला कधी लागू नव्हती, तशी ती आजही नाही. तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ऑक्टोबरच्या आत झाली तर त्या वर्षी नातवंडांचाही सांभाळ नीट होतो, आणि म्हणून वृद्धांच्या आरोग्यावरचा खर्च हा बालविकासावरचाही खर्च असतो.

जामखेडच्या गावांत १९७१ मध्ये ज्या बाळांचे पहिल्यांदा वजन केले गेले, ती आज पन्नाशी ओलांडलेली माणसे आहेत. त्यांची वजने करणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवातून देशाने जे शिकून घेतले, त्याच्या आधारावर २००५ पासून गावोगाव आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या आणि १९७५ पासून चालू असलेल्या अंगणवाड्यांना त्यांची जोड मिळाली. गरोदर बाईचे ताट, बाळाचा दंड, किशोरीची लोहगोळी आणि आजीचा रक्तदाब आज याच दोघींच्या वहीत येतो. एका माणसाच्या आयुष्याचे सगळे टप्पे असे जोडणारी पदे शासनाच्या व्यवस्थेत थोडीच आहेत. त्यांतील एकीला शासन स्वयंसेविका म्हणते, दुसरीला सेविका, आणि दोघींनाही आजवर पगार न देता मानधन देते.